आमवातातील सायटोकाइनांची भूमिका

आमवात किंवा संधिवाताभ संधिशोथ हा शरीराची प्रतिरक्षा संस्था स्वतःच्याच ऊतींवर उलटल्याने होणारा दीर्घकालीन विकार असून त्यात मुख्यतः हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजतात. (आयुर्वेदात वर्णिलेल्या आमवाताशी याची लक्षणे बरीच जुळतात, तरी दोन्ही संकल्पना एकच धरू नयेत.) ही सूज सायटोकाइन, म्हणजे पेशी एकमेकींना संदेश देण्यासाठी स्रवतात ती लहान प्रथिने, पेटती ठेवतात. जंतुसंसर्गात हीच प्रथिने संरक्षक पेशींना गोळा करतात आणि काम झाले की ओसरतात; आमवातात ती ओसरत नाहीत.

निरोगी सांध्याचे अस्तर, म्हणजे संधिकला, जेमतेम एक ते तीन पेशींच्या जाडीचे असते. आमवातात तेथे मॅक्रोफेज या भक्षक पेशी आणि टी व बी लसिका पेशी जमून अस्तर जाड होते व कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणावर, पसरू लागते. मॅक्रोफेज ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर (टीएनएफ), इंटरल्युकिन-१ व इंटरल्युकिन-६ स्रवतात. त्यांच्या प्रभावाखाली अस्तरातील तंतुजनक पेशी कूर्चा विरघळवणारी विकरे (एन्झाइम) तयार करतात. रँकएल हे प्रथिन हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी घडवते आणि त्यामुळे एक्स-रेमध्ये सांध्याच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात.

इंटरल्युकिन-६ चा प्रभाव सांध्यापुरता राहत नाही. रक्तावाटे यकृतात पोहोचून ते सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिनाचे प्रमाण वाढवते. ‘सीआरपी’च्या तपासणीत दिसतो तो हाच परिणाम. यकृतातील हेप्सिडिन हे लोहाचे नियमन करणारे संप्रेरकही त्याच्यामुळे वाढते, त्यामुळे लोह साठ्यांत अडकून पडते आणि रुग्णाचा पांडुरोग (रक्तक्षय) निव्वळ लोहाच्या गोळ्यांनी सहसा हटत नाही. रुग्णांच्या रक्तातील इंटरल्युकिन-६ ची पातळी पहाटेच्या सुमारास चढते व सकाळी सांधे आखडण्याशी तिचा संबंध जोडला जातो.

एखादे प्रथिन सुजलेल्या सांध्यात सापडले म्हणून तेच रोगाला कारण आहे असे ठरत नाही, ही या विषयातील खरी अडचण होती. एकसारखे काम करणारी इतकी सायटोकाइने तेथे असताना एकच अडवून काय साधणार, असा आक्षेप घेतला जाई. लंडनच्या केनेडी संस्थेतील मार्क फेल्डमन, रविंदर मैनी, फिओन्युला ब्रेनन व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवले, की रुग्णांच्या संधिकलेतील पेशींच्या संवर्धनात टीएनएफ निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे मिसळली, की इंटरल्युकिन-१ चे उत्पादनही खाली येते. म्हणजे ही प्रथिने स्वतंत्र नसून टीएनएफ त्यांच्या साखळीच्या वरच्या टोकाला होते. १९९२ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ अडवणारे प्रतिपिंड २० रुग्णांना देण्यात आले; १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७३ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत चार आठवड्यांनी जास्त मात्रा मिळालेल्यांपैकी ७९ टक्क्यांना, तर निष्क्रिय औषध मिळालेल्यांपैकी केवळ ८ टक्क्यांना ठरावीक निकषांनुसार आराम पडला. या कार्यासाठी फेल्डमन व मैनी यांना २००३ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढे हीच कसोटी इतर प्रथिनांना लागली. ओसाका विद्यापीठातील तादामित्सु किशिमोतो यांच्या संशोधनातून आलेले, इंटरल्युकिन-६ चा ग्राही (पेशीवरील संदेश स्वीकारणारे प्रथिन) अडवणारे टोसिलिझुमॅब प्रभावी ठरले. याउलट प्रयोगशाळेत बलवान वाटणारे इंटरल्युकिन-१ अडवणाऱ्या अनाकिन्राने अपेक्षेपेक्षा कमी गुण दिला आणि सोरायसिसमध्ये उपयोगी पडणारी इंटरल्युकिन-१७ रोधक औषधे येथे फिकी पडली. टोफॅसिटिनिबसारख्या गोळ्यांचा मार्ग निराळा आहे. त्या पेशीच्या आतील जेएके विकरे रोखून अनेक सायटोकाइनांचे संदेश एकदम मंदावतात. मेथोट्रेक्सेट हे जुने व स्वस्त औषध मात्र आजही बहुतेकांच्या उपचारांचा पाया आहे.

भारतात अडालिमुमॅब या टीएनएफ रोधक औषधाची जगातील पहिली जैवसमरूप (मूळ जैविक औषधाशी मिळतीजुळती) आवृत्ती अहमदाबादच्या झायडस कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणली. तथापि येथे या औषधांचा एक धोका विशेष महत्त्वाचा ठरतो: क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवणाऱ्या पेशींच्या गाठी टीएनएफच्या आधारावर टिकतात आणि ते अडवल्यास सुप्त क्षय जागा होऊ शकतो. म्हणून उपचारापूर्वी छातीचा एक्स-रे व त्वचेवरील मॅन्टू किंवा रक्तातील इंटरफेरॉन-गॅमा चाचणी करतात आणि सुप्त क्षय आढळल्यास आधी प्रतिबंधक औषधे सुरू करून साधारणतः महिनाभराने टीएनएफ रोधक देतात.