आयपी पत्ता नसलेल्या यंत्राशी बोलायचं कसं?

कार्यालयासाठी आणलेला व्यावसायिक स्विच, म्हणजे अनेक संगणक एकमेकांना जोडणारं यंत्र, खोक्यातून काढून चालू केला, तरी नेटवर्कवरून त्याच्यात सहसा शिरता येत नाही. त्याला आयपी पत्ताच नसतो, आणि पत्ता द्यायचा तर आधी त्याच्याशी बोलता यायला हवं. घरच्या वायफाय राउटरला कंपनीनं आधीच पत्ता देऊन ठेवलेला असतो, म्हणून हा पेच आपल्याला जाणवत नाही. सिस्कोसारख्या कंपन्या आपल्या राउटर-स्विचवर यासाठी एक वेगळा पोर्ट ठेवतात: कन्सोल. दिसायला तो लॅनच्या पोर्टसारखाच असतो, पण त्यात इथरनेट, म्हणजे लॅनची नेहमीची पद्धत, नसतं. त्यातून आरएस-२३२ या सीरियल पद्धतीचे संकेत जातात: एकामागून एक बिट, म्हणजे ० किंवा १. हे मानक १९६० सालचं, म्हणजे इथरनेटच्या आधीचं.

सोबत येणारी फिकट निळी, चपटी केबलही लॅनची नव्हे. तिच्या एका टोकाची पहिली तार दुसऱ्या टोकाला आठवी होते, दुसरी सातवी, आणि पुढेही तसंच. यातल्या पाठवायची एक, घ्यायची एक आणि जमिनीची (ग्राउंड), एवढ्यावर संभाषण भागतं. बाकीच्या तारा नसल्या तरी बहुतेक वेळा काही अडत नाही.

खरी गंमत या तारांवर काय चालतं त्यात आहे. कोणी बोलत नसतं तेव्हा तारेवर ऋण विद्युत दाब असतो, उणे ३ ते उणे १५ व्होल्टच्या दरम्यान. अक्षर पाठवायचं झालं की दाब उलटून धन होतो. हा स्टार्ट बिट. मागोमाग अक्षराचे आठ बिट, लहान किमतीचा आधी, आणि शेवटी तार पुन्हा ऋण करणारा स्टॉप बिट. इंग्रजी कॅपिटल ‘ए’चा क्रमांक ६५, तेव्हा तारेवर १०००००१० असा क्रम उमटतो. ऋण दाब म्हणजे १ आणि धन दाब म्हणजे ०, हे पहिल्यांदा वाचताना उलटंच वाटतं.

पण एक बिट संपून दुसरा कधी सुरू झाला, हे घेणाऱ्याला कसं कळतं? घड्याळाचा ठोका पोचवणारी वेगळी तार तर इथे नसते. दोन्ही बाजूंची घड्याळं स्वतंत्र असतात आणि ती तंतोतंत जुळत नाहीत. सेकंदाला ९६०० बिट या वेगाला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. स्टार्ट बिटची कड दिसताच घेणारा मोजणी सुरू करतो, दीड बिट थांबून पहिल्या बिटाच्या मधोमध दाब पाहतो आणि मग दर बिटाला एकदा. गायक आणि तबलजी आवर्तनात थोडे मागेपुढे झाले तरी समेवर पुन्हा भेटतात, तसं इथे प्रत्येक स्टार्ट बिटवर मोजणी नव्यानं जुळते. चूक साठत जात नाही. तिला वाढायला जेमतेम दहा बिटांचा अवधी मिळतो, आणि तेवढ्यात ती अर्ध्या बिटाच्या आत राहिली की झालं. हिशेब केला तर घड्याळांमधला फरक ५ टक्क्यांच्या आत हवा. साध्या, स्वस्त भागांनाही हे जमतं. राउटरची मुख्य प्रणाली मेमरीत चढण्याआधीच कन्सोलवर अक्षरं उमटू लागतात, त्यामागेही हाच साधेपणा आहे.

आजच्या लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसतो, त्यामुळे यूएसबीचं अडॅप्टर लागतं. स्वस्तात घ्यायचं तर सांभाळून. ऑक्टोबर २०१४ मध्ये अशा अडॅप्टरांच्या चिपा बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरनं नकली चिपांचा ओळख-क्रमांकच शून्य करून टाकला, आणि चालू अडॅप्टर संगणकाला ओळखू येईनासे झाले. नकली माल असला तरी गिऱ्हाइकाचं साधन असं निकामी करणं मला अजून पटलेलं नाही.

अडॅप्टर लावला की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचा कॉम क्रमांक (पोर्टचा क्रमांक) पाहायचा, पुट्टी या प्रोग्राममध्ये ‘सीरियल’ निवडून तो भरायचा, वेग ९६०० ठेवायचा आणि एंटर दाबायचं. मायक्रोटिकच्या राउटरना सहसा १,१५,२०० लागतो. पडद्यावर अगम्य चिन्हं आली तर निराश होऊ नये: तारा बरोबर आहेत, फक्त वेग चुकलाय. काहीच आलं नाही, तर केबल किंवा कॉम क्रमांक तपासावा. राउटरचा मजकूर दिसतो पण आपण टाइप केलेलं पोचत नाही, असं झालं तर बहुधा हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे ‘आता पाठव’ असा इशारा वेगळ्या तारेवर मिळेपर्यंत थांबण्याची सोय, चालू राहिलेला असतो. तो बंद करायचा.

मोठ्या डेटा सेंटरात प्रत्येक यंत्रापाशी लॅपटॉप घेऊन जाणं शक्य नसतं. तिथे अनेक कन्सोल केबली एका कन्सोल सर्व्हरला जोडतात आणि त्याला मुख्य नेटवर्कहून निराळी लाइन देतात, कधी ४जी मोडेमची. ही लाइन खरोखर निराळी हवी. ४ ऑक्टोबर २०२१ ला आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम सहाएक तास बंद पडले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेनं कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारं नेटवर्कच तुटलं होतं. कंपनीनं नंतर सांगितलं की नेहमीची आणि आणीबाणीची, दोन्ही नेटवर्कं हाताशी नव्हती, म्हणून अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरात धाडावं लागलं.

कन्सोलला पोचलेल्या माणसाच्या हाती मात्र फार काही असतं. तारेवरचा धन दाब एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त धरून ठेवला तर स्टॉप बिट येतच नाही. या स्थितीला ब्रेक म्हणतात. सिस्कोचा राउटर सुरू होत असताना ब्रेक मिळाला की तो रॉममॉन या प्राथमिक अवस्थेत थांबतो. तिथे एक आकडा बदलला की पुढच्या वेळी साठवलेली मांडणी (कॉन्फिगरेशन) न वाचताच तो उठतो आणि पासवर्ड विचारत नाही. विसरलेल्या पासवर्डावरचा हा अधिकृत इलाज आहे, आणि चोरालाही तो तितकाच उपयोगी. म्हणून काही ठिकाणी ‘नो सर्व्हिस पासवर्ड-रिकव्हरी’ ही आज्ञा देऊन ही वाट बंद करतात. मग पासवर्ड विसरला, तर सगळी मांडणी पुसून राउटर कोरा करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.