खवट दाणा आणि बिनवासाचं विष

श्रावणी सोमवारी खिचडीसाठी कुटाचा डबा उघडावा आणि आधी वासच नाकात शिरावा, हे मुंबईकराला नवीन नाही. आमच्या दादरच्या घरात दर पावसाळ्यात एकदा तरी हे होतंच. आई चिमूटभर कूट जिभेवर टेकवते, तोंड वाकडं करते, "खवटलंय" म्हणते आणि डबा रिकामा होतो.

दाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. त्यातल्या लिनोलिक आम्लाला हवेतला ऑक्सिजन चिकटला की हायड्रोपेरॉक्साइडं तयार होतात. त्यांना वास नसतो. पण ती फुटून हेक्झॅनलसारखी छोटी आल्डिहाइडं सुटली की नाकाला लगेच पत्ता लागतो. अख्ख्या दाण्यात तेल पेशींत कोंडलेलं असतं, कुटात ते उघड्यावर येतं. म्हणून कूट आधी खवटतं. खिचडीची चव जाते, पण चमचाभर खवट कूट पोटात गेलं म्हणून घाबरण्याचं कारण नाही.

घाबरायचं ते ज्याला वासच नाही त्याला. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले. रोग सापडेना, म्हणून त्याला 'टर्की एक्स' असं नाव पडलं. शेवटी माग निघाला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत. पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती. ॲस्परजिलसमधला 'अ', फ्लेव्हसमधला 'फ्ला' आणि पुढे टॉक्सिन, असं या बुरशीने सोडलेल्या विषाचं, अफ्लाटॉक्सिनचं, बारसं झालं. त्याचे प्रकार आहेत: अतिनील प्रकाशात निळे चमकतात ते 'बी', हिरवे चमकतात ते 'जी'.

यातलं बी1 सगळ्यात जहाल. गंमत अशी (गंमत कसली म्हणा!) की ते मुळात तेवढं आक्रमक नसतं. विष बाहेर टाकायला बसलेलं आपलं यकृतच त्याचं इपॉक्साइड नावाचं आक्रमक रूप बनवतं आणि ते डीएनएतल्या ग्वानिन या घटकाला जाऊन चिकटतं. वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात गेलं तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हिपॅटायटिस बी असेल तर कित्येक पटींनी. एकदम जास्त गेलं तर काय होतं, हे 1974 मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात दिसलं. तिथे बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. आपल्याकडे खायला तयार दाण्यांसाठी मर्यादा आहे किलोमागे 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. एवढ्याशाचा वास कुठल्या नाकाला येणार?

बुरशीची सुरुवात बहुधा शेतातच होते. शेंगा पोसताना पावसाने ओढ दिली की जास्त. पुढे नीट न वाळलेला माल मुंबईच्या जुलैच्या दमट हवेत गोणीत पडून राहिला की तिचं फावतं. दाणे भाजल्याने विष थोडं कमी होतं, संपत नाही, कारण त्याचा रेणू अडीचशे अंशांच्या आसपासही तग धरतो.

तेलाचं काय? दाणे गाळताना बहुतेक अफ्लाटॉक्सिन पेंडीत राहतं. जे थोडं तेलात उतरतं ते रिफाइन करताना अल्कली आणि शोषक माती काढून टाकतात. घाण्याच्या तेलाला या पायऱ्या नसतात, त्यामुळे तिथे घाण्यात कुठले दाणे पडले यावरच सगळं अवलंबून. आणि पेंड? ती जाते तबेल्यात. म्हशीच्या यकृतात बी1चं एम1 होतं आणि ते दुधात उतरतं. दूध उकळल्याने ते जात नाही.

घरी करण्यासारखं मुख्य म्हणजे निवडणं. पोत्यात विष सारखं पसरलेलं नसतं. थोड्याच दाण्यांत ते खच्चून भरलेलं असतं, आणि असे दाणे बहुधा सुरकुतलेले, काळपट किंवा किडके असतात. आई ते ताटात निवडून खिडकीत चिमण्या-कावळ्यांना घालायची. टर्कींची गोष्ट ऐकल्यापासून ते थेट कचऱ्यात जातात.