करड्या पडद्यावरचा निळा ठिपका

वरंध घाटात वाघजाईच्या देवळापाशी भजी खायला थांबलो होतो. मोबाइल काढला तर रेंज गेलेली. पडदा नुसता करडा आणि मधोमध निळा ठिपका. रस्ता नाही, गाव नाही, मागे सोडलेलं नीरा-देवघरचं पाणीही नाही. गाडीच्या कप्प्यात वडिलांच्या वेळचा, घड्यांवर फाटलेला रस्त्यांचा नकाशा होता. त्यात भोर होतं, महाड होतं, मधला घाटही होता. आम्ही घाटात नेमके कुठे, तेवढं नव्हतं.

तो ठिपका मात्र बरोबर होता. जीपीएसचा आणि रेंजचा काही संबंध नाही. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत दोनच गोष्टी सांगत असतात: मी कुठे आहे आणि आत्ता किती वाजलेत. फोन त्यांना काहीही पाठवत नाही, नुसता ऐकतो. संदेश पोचायला लागलेल्या वेळावरून (सेकंदाचा साधारण पंधरावा भाग) प्रत्येक उपग्रह किती लांब आहे ते कळतं. जागा ठरवायला खरं तर तिघं पुरली असती. पण फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं, त्याची चूक काढायला चौथा लागतो. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो आणि एका नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागात) प्रकाश 30 सेंटिमीटर जातो, त्यामुळे उपग्रहांवर अणुघड्याळं बसवलेली असतात. तीही आइनस्टाइनच्या सापेक्षतेच्या हिशेबाने जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला 38 मायक्रोसेकंद (सेकंदाचे दशलक्षांश) पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही, तर रोज दहा-अकरा किलोमीटरची चूक साठत जाईल.

एवढा खटाटोप करणाऱ्या यंत्रणेला रस्ते मात्र ठाऊकच नसतात. ‘जीपीएसनं चुकवलं’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा चुकलेला असतो तो ॲपमधला नकाशा, किंवा त्यातून कमीत कमी वेळाची वाट शोधणारं गणित. दोन मिनिटं वाचतात म्हणून ते खुशाल पाणंदीत घालतं. पावसाळ्यात तिथे चाक रुततं हे त्याला कोण सांगणार? घाटात कधी ठिपकाही उड्या मारतो, पण त्याचं कारण वेगळं. कड्याने अर्धं आभाळ झाकलेलं असतं आणि संदेश खडकावर आपटून लांबच्या वाटेने येतो.

कागदाच्या नकाशात ठिपका आपल्यालाच मांडावा लागतो. मैलाचा दगड बघायचा (पिवळा माथा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग), नदी कुठल्या हाताला आहे ते बघायचं, मग बोट ठेवायचं. भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट (चढउतार दाखवणारा तपशीलवार नकाशा) असेल तर आणखी मजा. 1:50,000 च्या शीटवर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर आणि दर 20 मीटर उंचीला एक समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा. सह्याद्रीच्या कड्यापाशी या रेषा इतक्या दाटतात की कुणी तपकिरी अंगठा उठवलाय असं वाटतं. हे वाचता आलं की पुढचा चढ दिसायच्या आधीच कळतो.

या बोट ठेवण्यात मेंदूतला हिप्पोकॅम्पस कामाला लागतो. ‘मी इथे आहे’ हे नोंदवणाऱ्या पेशी मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांना 1971 मध्ये उंदरांच्या मेंदूत इथेच सापडल्या. त्यासाठी 2014 च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी 2017 मध्ये लोकांना सोहो भागातल्या गल्ल्यांतून पडद्यावर फिरवलं. स्वतः वाट काढणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस नव्या गल्लीत शिरताना, विशेषतः फाटे जास्त असतील तिथे, जागा होत होता. सूचनांवर चालणाऱ्यांच्या मेंदूत ती हालचाल दिसली नाही. यावरून लगेच ‘फोनमुळे मेंदू गंजतो’ म्हणायची घाई मी करणार नाही. पण पाच वेळा गेलेला रस्ता सहाव्यांदा फोनशिवाय का आठवत नाही, याचं उत्तर इथेच कुठेतरी आहे.

हल्ली निघण्याआधी मी कागदावर एकदा वाट बघून घेतो आणि मग फोन लावतो. पुढे ट्रॅफिक तुंबलंय हे कागद थोडाच सांगणार आहे? त्या दिवशी मात्र भजीवाल्या मावशींनाच विचारलं. त्यांनी ना फोनकडे बघितलं ना नकाशाकडे. झाऱ्यानेच खाली दरीकडे दाखवत म्हणाल्या, “उतरलात की माझेरी. पण दोन वळणं सोडून दरड आलीय, तिथनं सावकाश काढा.”