फुटेज आहे तसं एडिट करायचं की आधी कन्व्हर्ट करायचं?

लग्नसमारंभाचं एचडी फुटेज आमच्याकडे एडिटिंगला देणाऱ्या ग्राहकांसाठी

कॅमेऱ्याच्या कार्डावरची एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) फाइल लहान असते, कारण तिच्यात पूर्ण फ्रेम साधारण अर्ध्या सेकंदाला एकदाच साठवलेली असते. मधल्या फ्रेममध्ये फक्त बदललेला भाग असतो. नुसतं पाहताना याचा त्रास होत नाही. एडिटिंगमध्ये मात्र मधल्याच एखाद्या फ्रेमवर थांबलात की कॉम्प्युटरला शेजारच्या फ्रेम उलगडून ती बांधावी लागते, आणि टाइमलाइन तिथेच अडकते. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचडी या एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. प्रोसेसरचा भार उतरतो, पण डिस्कवरचा चढतो.

१०८० रेझोल्यूशन आणि २५ फ्रेमला ५० एमबीपीएसचं (सेकंदाला ५० मेगाबिट) मूळ फुटेज तासाला सुमारे २२ जीबी घेतं, प्रोरेस ४२२ सुमारे ५५ आणि त्याचाच जास्त दर्जाचा प्रकार प्रोरेस ४२२ एचक्यू ८३. तीन कॅमेरे चार-चार तास चालले तर प्रोरेस ४२२ मध्ये ६६० जीबी होतात. ते तिन्ही प्रवाह एकत्र वाचायला सेकंदाला सुमारे ४६ मेगाबाइट लागतात. यूएसबी २ च्या डिस्कला हा वेग झेपत नाही.

कन्व्हर्ट करून चित्र सुधारत नाही. ८ बिट, ४:२:० (रंगाची माहिती कमी असलेल्या) फुटेजसाठी एचक्यू मागू नका, जागा फुकट जाते.

एकाच कॅमेऱ्याचं साधं कटिंग असेल तर मूळ फाइलवरच काम करावं. मल्टिकॅमला, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांच्या फुटेजला, आम्ही प्रॉक्सी (फक्त एडिटिंगपुरती मूळ फाइलची हलकी नक्कल) सुचवतो. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिप निवडून, राइट क्लिक करून ‘क्रिएट प्रॉक्सीज’ घ्या आणि अर्ध्या आकाराचं प्रोरेस प्रॉक्सी निवडा. प्रॉक्सीचा फ्रेम रेट आणि ऑडिओ चॅनल मूळ फाइलइतकेच हवेत, नाहीतर ती जोडलीच जात नाही. रंगकाम करताना प्रॉक्सी बंद ठेवा. एक्सपोर्टमध्ये ‘यूज प्रॉक्सीज’वर टिक नसेल तर मूळ फाइलच वापरली जाते.

१० बिट, ४:२:२ (रंगाची माहिती जास्त असलेल्या) फुटेजची गोष्ट वेगळी. एरवी चांगलं असलेलं ग्राफिक्स कार्डही तिथे अडखळतं, कारण बऱ्याच कार्डांच्या डिकोडरला ४:२:२ उलगडता येत नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. असं फुटेज थेट प्रोरेस ४२२ मध्ये न्यावं.

मोबाइलच्या क्लिप मात्र आधी कन्व्हर्ट कराच. त्यांचा फ्रेम रेट बहुधा स्थिर नसतो. सुरुवातीला सगळं जुळतं, पण लांब क्लिपमध्ये मंगलाष्टकांचा आवाज हळूहळू ओठांपासून सुटत जातो. शटर एन्कोडर हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात स्थिर फ्रेम रेट देऊन प्रोरेस एलटी (प्रोरेसचा हलका प्रकार) फाइल करा.

एव्हीसीएचडी फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करणारा कॅमेरा असेल तर कार्डावरचा ‘प्रायव्हेट’ हा अख्खा फोल्डर कॉपी करून द्या. लांबलचक शॉट कार्डावर अनेक फाइलींत तुटलेला असतो. त्यातल्या सुट्या एमटीएस (व्हिडिओच्या) फाइली उचलल्या तर सांध्यावर आवाज तुटू शकतो. कन्व्हर्ट केलेल्या फाइली तपासून होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.