जॉन्सनच्या कोशातील तिरकस व्याख्या

सॅम्युएल जॉन्सन (१७०९–१७८४) या इंग्रज लेखकाच्या शब्दकोशातील खोडकर, काही ठिकाणी चक्क विखारी व्याख्या. दोन खंडांचा हा कोश १५ एप्रिल १७५५ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले बेचाळीस हजारांवर शब्द जॉन्सनने बहुतांशी गंभीरपणे, जुन्या ग्रंथांतले उतारे देत उलगडले आहेत. पण लोकांच्या तोंडी राहिल्या त्या या मूठभर व्याख्या. कोश कधी न उघडलेल्यांनाही त्यांतली एखादी ठाऊक असते.

ती बहुधा ‘ओट्स’ची असते : इंग्लंडमध्ये हे धान्य सहसा घोड्यांना घालतात, स्कॉटलंडमध्ये त्यावर माणसे जगतात. गंमत म्हणजे कोशासाठी उतारे नकलून देणाऱ्या सहा लेखनिकांपैकी पाच स्कॉटिश होते. लॉर्ड एलिबँक या स्कॉटिश उमरावाने यावर म्हटल्याचे सांगतात, ‘‘खरे आहे, पण असले घोडे आणि असली माणसे दुसरीकडे सापडतील कुठे?’’ स्वतःलाही जॉन्सनने सोडले नाही. कोशकार म्हणजे ‘निरुपद्रवी हमाल’, असे तो लिहितो.

पुढे मात्र थट्टा मागे पडते आणि राग उघडा होतो. अबकारी कराला तो ‘तिरस्करणीय’ म्हणतो. ‘पेट्रन’ म्हणजे आश्रयदाता हा त्याच्या मते बहुधा उर्मटपणे पोसणारा आणि मोबदल्यात खुशामत घेणारा नीच माणूस. जॉन्सनने कोशासाठी ज्याचा आश्रय मागितला होता त्या लॉर्ड चेस्टरफील्ड या उमरावाने कामाच्या काळात पाठ फिरवली आणि कोश पुरा होत आल्यावर स्तुतिलेख लिहिले. जॉन्सनने फेब्रुवारी १७५५ मध्ये पत्र लिहून त्याला झाडले, त्यामुळे या व्याख्येचा रोख त्याच्यावरच आहे असे वाचकांनी धरले.

‘पेन्शन’ची व्याख्या मात्र जॉन्सनवरच उलटली. इंग्लंडात पेन्शन म्हणजे देशद्रोहाबद्दल सरकारी भाडोत्र्याला मिळणारा पगार, असे त्याने छापले होते. १७६२ मध्ये राजा तिसऱ्या जॉर्जने त्यालाच वर्षाला ३०० पौंड देऊ केले. पुढे काही करावे म्हणून नव्हे, आजवर केलेल्या कामाबद्दल, असे पंतप्रधान ब्यूटने सांगितल्यावर त्याने ते घेतले. विरोधकांनी अर्थातच कोशातले ते पान काढून दाखवले.

चुकाही आहेत. घोड्याच्या खुरावरचा भाग म्हणजे ‘पास्टर्न’, पण जॉन्सनने त्याला गुडघा म्हटले. असे का, हे एका बाईंनी विचारले तेव्हा त्याचे उत्तर होते, ‘‘अज्ञान, बाईसाहेब, निव्वळ अज्ञान.’’