कुफर पेशी नेमक्या कोणत्या? पेशींच्या प्रमाणित नावांची पार्श्वभूमी

१८७६ साली शरीररचनातज्ज्ञ कार्ल फॉन कुफर यांनी यकृताचे काप गोल्ड क्लोराइडने रंगवले, तेव्हा त्यांना चांदणीच्या आकाराच्या पेशी दिसल्या. त्यांनी त्यांना जर्मनमध्ये तारकापेशी म्हटलं. पुढे १८९८ मध्ये याच पेशी रक्तातले कण गिळतात, असं त्यांनीच लिहिलं आणि घोळ तिथेच झाला. कण गिळणाऱ्या पेशी निराळ्या होत्या, पण 'कुफर पेशी' हे नाव त्यांनाच चिकटलं. ज्या पेशी त्यांनी आधी पाहिल्या होत्या, त्या बेवारस राहिल्या. १९५१ मध्ये तोशिओ इतो यांनी यकृतातल्या चरबी साठवणाऱ्या पेशींचं वर्णन केलं, तेव्हा त्या 'इतो पेशी' झाल्या. कुणी त्यांना लायपोसाइट म्हणे. अखेर १९७१ मध्ये केंजिरो वाके यांनी दाखवून दिलं की कुफरच्या मूळ तारकापेशी आणि इतो पेशी एकच आहेत. म्हणजे जुन्या लेखात 'कुफर पेशी' असं वाचलं, तर आधी लेखाचं साल पाहावं लागतं.

आपल्याला हे नवं वाटायला नको. मराठीत 'पेशी' म्हणजे सेल, हिंदीत 'मांसपेशी' म्हणजे स्नायू, आणि कोर्टात 'पेशी' म्हणजे सुनावणी.

नावावर विसंबायचं नाही, हा धडा जीवशास्त्राने आधी जनुकांच्या बाबतीत गिरवला. माशी, यीस्ट आणि उंदीर यांवर काम करणाऱ्या गटांनी १९९८ मध्ये जीन ऑन्टॉलॉजी, म्हणजे जनुकांच्या कामाच्या प्रमाणित संज्ञा आणि त्यांची परस्पर नाती यांची सूची, सुरू केली. त्यातले मायकेल ॲशबर्नर, शिवाय जोनाथन बार्ड आणि स्यू री यांनी २००५ मध्ये पेशींसाठी तसंच काम मांडलं : सेल ऑन्टॉलॉजी. कल्पना साधी आहे. प्रत्येक पेशीप्रकाराला एक अर्थहीन क्रमांक द्यायचा. नाव बदललं तरी क्रमांक बदलत नाही. कुफर पेशी सीएल:०००००९१ ('सीएल' म्हणजे सेल ऑन्टॉलॉजी), यकृतातली तारकापेशी सीएल:००००६३२. इतो पेशी, लायपोसाइट वगैरे नावं तारकापेशीच्या क्रमांकाखाली पर्यायी नावं म्हणून नोंदवायची. त्यापुढे नात्यांची नोंद : कुफर पेशी हा मॅक्रोफेजचा, म्हणजे कण गिळणाऱ्या पेशींचा, प्रकार आणि तिचा मुक्काम यकृतात. एका प्रकाराला एकाहून अधिक 'पालक', म्हणजे वरचे व्यापक प्रकार, असू शकतात, त्यामुळे ही वंशावळ नाही, जाळं आहे.

बरीच वर्षं हे काम मोजक्या तज्ज्ञांपुरतं होतं. मग एकेका पेशीतला आरएनए वाचता येऊ लागला, २०१६ मध्ये लंडनच्या बैठकीतून ह्यूमन सेल ॲटलास हा मानवी पेशींचा नकाशा करण्याचा प्रकल्प उभा राहिला, आणि लाखो पेशींवर लेबलं लागू लागली. लेबलं मात्र प्रत्येक प्रयोगशाळेची आपापली. 'पीसी' म्हणजे प्लाझ्मा पेशी, पेरिसाइट की मेंदूतली पुर्किंये पेशी? अशी लेबलं सेल ऑन्टॉलॉजीच्या क्रमांकांशी जुळवावी लागतात. संगणकाला स्पेलिंग जुळवता येतं. 'एनके' आणि 'नॅचरल किलर' तो झटकन एकत्र आणतो. खरी मेहनत पुढची. लेबल किती बारीक आहे हेही ठरवावं लागतं. पुरावा फक्त टी पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) असल्याचा असेल, तर तिला नियामक टी पेशी या तिच्या उपप्रकाराचा क्रमांक देणं ही चूकच. अशा वेळी एक पायरी वर थांबणं बरं, असं माझं मत आहे, मग तक्ता थोडा ओबडधोबड दिसला तरी चालेल.

आणि कुफरची चांदणी अजून छळतेच. तारकापेशी यकृतात असते, स्वादुपिंडात असते, आणि मेंदूच्या अनुमस्तिष्क या भागात त्याच नावाचा एक चेतापेशीप्रकारही आहे. तिघींचे क्रमांक वेगळे. फाइलमध्ये नुसतं 'स्टेलेट' लिहिलेलं असेल आणि नमुना कोणत्या अवयवाचा हा रकाना रिकामा असेल, तर जुळवणी करणाऱ्याला मूळ प्रयोगशाळेला ईमेल पाठवण्यावाचून गत्यंतर नसतं.