किल्ली नंतर, पाना आधी

सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या मामांच्या शेडमध्ये ती गाडी नऊ वर्षं उभी होती. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म, दोन सीटची, फायबरच्या बॉडीची. वर ताडपत्री, तिच्याखाली एक विटकी सोलापुरी चादर. मामा नवी बॅटरी बसवून किल्ली हातात घेऊनच उभे होते. मिस्त्री म्हणाला, "किल्लीला हात लावू नका मालक. आधी प्लग काढू द्या."

इंजिन चालू असताना सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर तेलाचा पातळ थर असतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की तो ओघळून जातो, उघड्या लोखंडावर गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा जागीच चिकटतात. तशात सेल्फ मारला तर रिंग तुटते, नाहीतर भिंतीवर ओरखडे उठतात. म्हणून मिस्त्रीनं प्रत्येक प्लगच्या भोकातून दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडलं आणि दोन दिवस गाडीकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, पुलीला पाना लावला. पाना हलेना. जोर न करता त्यानं तो मागेपुढे डोलवत ठेवला. अर्ध्या तासानं पाव फेरा फिरला. हीच गाडी कोकणात उभी असती तर एवढ्यावर भागलं नसतं. सोलापूरच्या कोरड्या हवेचे तेवढे उपकार.

मात्र याच हवेतला उन्हाळा पेट्रोलला आणि रबराला सोसत नाही. तापमान 10 अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. मे महिन्यात इथे सावलीतही पारा चाळिशी ओलांडतो, मग पत्र्याच्या शेडचं काय बोलावं! पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात, म्हणून ते नीट पेट घेत नाही. उरलेल्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट डिंक बनतो आणि पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची केसाएवढी भोकं बुजतात. टाकीतून निघालेलं पेट्रोल कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, वास वॉर्निशचा. त्यात नवं पेट्रोल मिसळून चालवू म्हणणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये. टाकी उतरवून धुवावी.

ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल. ते बहुधा ग्लायकॉल जातीच्या रसायनांचं असतं आणि हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 प्रतीचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. जोरात पळणाऱ्या गाडीचे ब्रेक तापतात, ऑइलची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकतं. गाडी उभी करण्याची सोय आधी, पळवण्याची मग.

शेवटी प्लग काढलेलेच ठेवून, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज उपसून मिस्त्रीनं सेल्फ मारला. ऑइलचा लाल दिवा विझला, म्हणजे बेअरिंगपर्यंत तेल पोचलं. मग प्लग लावले, फ्यूज बसवला आणि मामांकडे बघून मान हलवली. दुसऱ्या किल्लीला इंजिन धडधडलं, आधी ओतलेलं ऑइल जळून शेडभर निळा धूर झाला.

मामा म्हणाले, सात रस्ता चौकापर्यंत एक चक्कर मारू. मिस्त्रीनं टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले: 2213. म्हणजे 2013 सालचा बाविसावा आठवडा. वरची नक्षी शाबूत होती, पण कडेच्या भेगेत त्याचं नख अडकलं. गाडी जॅकवरच राहिली.